रब्बी ज्वारीच्या शास्त्रज्ञांना खुले पत्र: तुमच्या वहीत एक रकाना वाढवा

प्रति,
ज्वारी पैदासकार (नवे वाण तयार करणारे), तसेच कृषिविद्या आणि कृषी अभियांत्रिकी विभागांतील सर्व शास्त्रज्ञ,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला

सर, मॅडम, नमस्कार.

मंगळवेढा तालुक्यात माझी साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे. खालची दोन एकर काळी, भारी; वरची दीड एकर बरड, हातभर खणलं की मुरूम लागतो. ज्वारी माहेरीही होती, सासरीही आहे. मधली अकरा वर्षं मी एका संशोधन केंद्रावर रोजंदारीने जात होते, तेव्हा तुमचीही ज्वारी माझ्या हाताखालून गेली. दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं म्हणून ज्वारी उपटायच्या कष्टाबद्दल हे पत्र लिहायचं धाडस करते आहे.

तुमचं काम लोकांना दिसत नाही, म्हणून आधी ते सांगते. हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनी ज्वारीचा संकर होताना पाहिला असेलच असं नाही.

मार्गशीर्षातली दुपार. ऊन कललं की आम्ही चौघी चिमटे घेऊन रानात जायचो. झाडं डोक्याच्या वर, म्हणून स्टुलावर उभं राहायचं. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं. वरची फुलं उमलली असली तर तेवढा भाग कात्रीने उडवायचा, बुडाचाही काढून टाकायचा आणि मधली पन्नासेक फुलं ठेवायची. मग एकेका फुलात चिमट्याचं टोक घालून तीन पुंकेसर काढायचे. एक जरी आत राहिला तरी ते फूल स्वतःच्याच परागावर भरतं आणि संकर खोटा ठरतो. काढताना पुंकेसर फुटला तर फूलच टाकून द्यायचं. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. झालं की कणसावर कागदी पिशवी, टाचणी, चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. दोन-तीन दिवसांनी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग त्या पिशवीत झाडायचा. माझा हात हलका होता, म्हणून अवघड कणसं माझ्याकडे यायची.

त्यातून मूठभर दाणे मिळतात. ते पेरले की पुढच्या साली सगळी झाडं एकसारखी येतात. त्याच्या पुढच्या साली मात्र एक झाड दुसऱ्यासारखं नसतं. एक उंच, एक बुटकं. एकाचा दाणा मोत्यासारखा, एकाचा मळकट. तिथून निवड सुरू होते. एका कणसाची एक ओळ, त्या ओळीतून पुन्हा निवडक कणसं, पुन्हा ओळी. रब्बी वर्षातून एकदाच येते, त्यामुळे सहा-सात पिढ्या म्हणजे सहा-सात वर्षं. मग केंद्रावरच्या चाचण्या, मग गावोगावच्या जमिनीत, मग देशपातळीवर, मग राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या जॉईंट ॲग्रेस्कोपुढे, म्हणजे संयुक्त संशोधन समितीपुढे. एक वाण शेतकऱ्याच्या चाड्यावर येईपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. मी हात लावलेल्या संकरांचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही. कळलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

एवढ्या खटपटीनंतरही माझ्या भारी रानात आज जी ज्वारी उभी असते ती मालदांडी ३५-१. याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रावर, १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेली. माझ्या आजेसासऱ्यांच्या तरुणपणची. तिच्या डोक्यावरून दुष्काळ गेले, १९७२ गेलं, संकरित ज्वारी आली आणि गेली, ही आपली आहे तिथेच. तुमच्या चाचण्यांतही नवा वाण हिच्याशीच ताडून पाहतात. ती टिकली कारण तिची भाकरी पांढरी आणि मऊ होते, कडबा जनावर आवडीने खातं, आणि पाऊस डोळे वटारून गेला तरी दोन पोती पदरात टाकते. बियाणं घरचं धरता येतं, हेही तेवढंच मोठं कारण आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं उघडली ते हे गाव, त्यामुळे इथे ज्वारी हा पोटाइतकाच मानाचा विषय आहे.

मालदांडीचं कौतुक केलं म्हणजे नव्या वाणांना मी नावं ठेवते असं समजू नका. उलट, जमिनीची खोली बघून वाण द्यायचा हे तुम्ही जे काम केलंत ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. हलक्या जमिनीला फुले अनुराधा आणि फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, फुले यशोदा, परभणी मोती, पीकेव्ही क्रांती, आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. माझ्या बरडावर पूर्वी मालदांडी पेरायचे आणि दाणे भरायच्या वेळी ओल संपून ती खडखड्या रोगाने आडवी व्हायची. ताट हलवलं की आतून पोकळ वाजायचं, आणि मग एका रात्रीत सगळं रान निजलेलं. केंद्रावरच्या एका सरांनी फावडं मागवून माझ्याच बांधावर खड्डा घेतला, मुरूम किती खाली आहे ते हाताने मापून दाखवलं आणि म्हणाले, या जमिनीत एवढंच पाणी मावतं, तर लवकर येणारी ज्वारी घ्या. तेव्हापासून वरच्या दीड एकरात अनुराधा आहे. तिथे मालदांडीएवढा कडबा होत नाही, पण ती उभी राहते आणि दाणा भरून निघते. कोणत्याही मेळाव्यातल्या भाषणापेक्षा त्या खड्ड्याने मला जास्त शिकवलं.

पीक कसं वाढवायचं ते सांगणाऱ्या कृषिविद्यावाल्यांचंही तसंच. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. दातेरी कोळप्याने भेगा बुजतात आणि जमिनीतली ओल जमिनीत राहते. आमची म्हातारी माणसं म्हणायचीच, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. तुम्ही त्या म्हणीला आठवडे लावून दिलेत. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू झालं, त्या परंपरेतलं हे काम आहे आणि त्यावर आम्ही जगतो. हुरड्याला फुले उत्तरा आणि फुले मधुर, लाह्यांना फुले पंचमी, पापडाला फुले रोहिणी, हेही तुम्हीच केलंत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

माघ लागला की ज्वारी काढायला येते. आमच्याकडे ती कापत नाहीत, उपटतात. काळी जमीन तोवर आवळून दगडासारखी झालेली असते. ताट दोन्ही हातांनी बुडाशी धरायचं आणि कंबरेतून ओढायचं. ओल असलेल्या पट्ट्यात सरळ येतं. भेगाळलेल्या पट्ट्यात येता येत नाही, आणि कधी मूळ अचानक तुटतं आणि बाई मागच्या मागे पडते. पानांच्या कडा करवतीसारख्या. दंडावर ओरखडे उठतात आणि घाम लागला की चुरचुरतात. पहिल्या दिवशी तळहाताला फोड, दुसऱ्या दिवशी ते फुटतात, चौथ्या दिवशी घट्टा. उपटून झाली की पेंढ्या बांधायच्या, पाच पेंढ्यांचा पाचुंदा लावायचा, मग बसून कणसं मोडायची, मग मळणी. मळणीच्या दिवशी अंगभर कूस. रात्री आंघोळ केली तरी झोप येत नाही.

एका नव्या मॅडमनी मला विचारलं होतं, विळ्याने का कापत नाही? प्रश्न बरोबर होता. कापली तर धसकटं रानात राहतात, पायाला लागतात, पुढच्या मशागतीला आडवी येतात, आणि ती वेचायला पुन्हा माणसं लागतात. शिवाय बुडाचा वीतभर कडबा मातीत जातो. जनावरं असलेल्या घरात तेवढा कडबासुद्धा सोडवत नाही. कधी कधी कडब्याचे पैसे धान्याच्या बरोबरीने येतात.

पूर्वी सावड होती. आज तुझ्याकडे दहा जणी, उद्या माझ्याकडे. भलरी म्हणत म्हणत रान मोकळं व्हायचं. आता सावडीला तेवढी घरंच उरली नाहीत. एकराला आठ-दहा माणसांचा दिवस लागतो आणि त्याच आठवड्यात सगळ्या गावाची ज्वारी आलेली असते. बायका द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत जातात. तिथे सावली असते, आणि हात फाटत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, माझी स्वतःची सून जाते. उक्तं द्यावं तर धान्यातलं निम्मं त्यातच जातं.

माझ्या बांधाला लागून चौघांची रानं आहेत. दहा वर्षांपूर्वी चौघांचीही ज्वारी असायची. आज एकाची आहे, तीही घरच्या भाकरीपुरती. दोघांनी हरभरा धरला, एकाच्या विहिरीला पाणी लागलं त्याने ऊस लावला. यातल्या कुणीही ज्वारीचं उत्पन्न कमी येतं म्हणून ती सोडली नाही. विचारून बघा, तिघंही एकच सांगतील: काढायला माणूस नाही.

हरभऱ्याची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो पूर्वी वाकून, पहाटे दवात, हाताने उपटायचो. राहुरीने फुले विक्रम दिला. उंच, सरळ वाढणारा, घाटे जमिनीपासून वर. हार्वेस्टर त्यात घालता येतो. म्हणजे कुणीतरी पैदासकार एक दिवस बसून म्हणाला असेल की हा हरभरा काढताना माणसाची कंबर मोडते, तर झाडाचा बांधाच बदलू या. हेच ज्वारीसाठी कुणी म्हणावं, एवढंच माझं मागणं आहे.

ज्वारीचं अवघड आहे हे मी जाणून आहे. हार्वेस्टर ज्वारीत घातला तर दाणे मिळतात आणि कडब्याचा चुरा होतो. बुटका वाण केला तर यंत्राला सोपं, पण गोठ्यात काय टाकायचं? मूळ खोल जातं म्हणून ही ज्वारी पावसाशिवाय तगते, आणि मूळ खोल असतं म्हणूनच ती उपटत नाही. म्हणजे पाहिजे असं ताट, जे उंच राहील पण लोळणार नाही, दाणे भरताना बुडाशी मोडणार नाही, आणि सगळं रान एका उंचीचं येईल. त्यासोबत पाहिजे असं यंत्र, जे जमिनीलगत कापून ताट अख्खं आडवं टाकेल. गव्हा-भाताला कापून पेंढी बांधणारी यंत्रं निघाली. सहा-सात फूट ज्वारीला पेलेल आणि दोन एकरवाल्याला भाड्याने परवडेल असं यंत्र माझ्या गावात अजून आलेलं नाही. दोन ओळींतलं अंतर ४५ सेंटिमीटर ठेवायचं की यंत्राच्या चाकाप्रमाणे बदलायचं, हे कृषिविद्येने सांगायचं. धसकटाचं काय करायचं, हेही त्यांनीच सांगायचं. पैदासकाराने वाण करून दिला, मग यंत्रवाल्याने त्याला साजेसं यंत्र शोधलं, मग कृषिविद्येने अंतर काढलं, असं एकामागून एक करत गेलात तर तीस वर्षं जातील. तिन्ही विभागांनी पहिल्या संकराच्या दिवसापासून एका चटईवर बसायला हवं.

पण त्याहून आधी एक साधी गोष्ट. तुमच्या नोंदवहीत काय काय असतं ते मला पाठ आहे. पन्नास टक्के फुलोऱ्याला किती दिवस, पक्व व्हायला किती दिवस, उंची, कणसाची लांबी, शंभर दाण्यांचं वजन, खोडमाशीने पोंगेमर किती टक्के, खडखड्या किती, हेक्टरी धान्य, हेक्टरी कडबा. कितीतरी आकडे मीच मोजून सांगितले आहेत. पण मी ज्या वह्या पाहिल्या त्यांत एक रकाना नव्हता: हा प्लॉट उपटायला किती बायका, किती वेळ. उपटत आम्हीच होतो, समोरच होतो. घड्याळ लावून बघायचं कुणालाच सुचलं नाही, आम्हालाही नाही. काही ओळी हाताला सोप्या यायच्या आणि काही ओळींपाशी आल्या की बायका एकमेकींकडे बघायच्या, एवढं मला नक्की आठवतं. तो फरक वहीत उतरला असता तर आज तुमच्याकडे पंधरा-वीस वर्षांचे आकडे असते. ज्या गोष्टीचा रकाना नाही, तिच्यावर निवडही होत नाही.

भाकरीचंही थोडं. पिठाची परीक्षा प्रयोगशाळेत होते हे मला माहीत आहे. ती व्हावीच. पण भाकरी तव्यावरून उतरताना कशी आहे याहून, सकाळी केलेली भाकरी दुपारी रानात फडकं सोडल्यावर कशी आहे, ते बघा. दळून आठ दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते का, थापताना कडा चिरतात का, ते बघा. हे सांगायला गावातल्या पाच सुगरणी बसवा आणि त्यांच्या बोलण्याला आकड्याइतकाच मान द्या. मालदांडीला मागे टाकणारा वाण पाहिजे असेल तर तो आधी आमच्या परातीत उतरावा लागेल.

हे सगळं मी तुम्हालाच का सांगते, तर दुसरं कुणी नाही म्हणून. मक्याच्या, कापसाच्या बियाण्यामागे कंपन्या आहेत, कारण ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. रब्बी ज्वारीचं बियाणं आम्ही कणसं निवडून घरात ठेवतो. त्यात कुणा व्यापाऱ्याला काय मिळणार? या पिकाला सरकारी पैदासकाराशिवाय वाली नाही. तो खुर्चीवर असेल तर काम पुढे सरकतं. तो निवृत्त झाला आणि जागा रिकामी राहिली, तर सहाव्या पिढीपर्यंत आणलेल्या ओळी नुसत्या पाकिटांत पडून राहतात. नवा माणूस आला तरी कुठली ओळ का ठेवली होती हे त्याला कोण सांगणार? ते जुन्या माणसाच्या डोळ्यांत असतं. म्हणून कुलगुरूंना आणि पुण्याच्या कृषी परिषदेला हात जोडून विनंती आहे की ज्वारीच्या पैदासकाराची जागा एक हंगामही रिकामी ठेवू नका, आणि जाणारा माणूस येणाऱ्यासोबत निदान एक रब्बी तरी रानात हिंडेल अशी सोय करा.

बियाण्याचंही बघा. पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित, ही साखळी मला समजते. पण सप्टेंबरात वाफसा येतो तेव्हा तालुक्याच्या दुकानात अनुराधा मागितली तर दुकानदाराने ते नावच ऐकलेलं नसतं, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं. दोन्ही वेळा मी शेजारच्या गावातून ओळखीने चार किलो आणली. एकराला चारच किलो लागते. गावातल्या बचत गटाला एका एकराचं पायाभूत बियाणं आणि एक तपासणारा माणूस द्या, शिवाराला पुरेल एवढं बियाणं आम्ही करू. भेसळीचं झाड कसं ओळखून उपटायचं हे मला शिकवावं लागणार नाही.

रावेच्या, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घेणाऱ्या कृषी महाविद्यालयाच्या मुली दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात राहिल्या होत्या. त्यातली एक माघात मुद्दाम परत आली आणि अर्धा दिवस आमच्याबरोबर उपटायला लागली. संध्याकाळी ओसरीवर बसून फोड आलेल्या हातानेच तिने लिहून काढलं: किती ओळी, किती बायका, किती तास, मध्ये किती वेळा थांबलो. ज्या रकान्याबद्दल मी बोलते आहे तो पहिल्यांदा मी तिच्या वहीत पाहिला. तिला पुढे पैदासशास्त्रातच शिकायचं आहे. तिला तुमच्या विभागात जागा मिळावी.

आता माझ्या बाजूने काय देऊ शकते ते लिहिते. खालच्या काळ्या रानातलं एक एकर पुढच्या रब्बीला तुमच्यासाठी ठेवते. मालदांडी मधे, आणि दोन्ही बाजूंना तुमचे जे वाण असतील ते, शक्य असेल तर अजून प्रसारित न झालेलेही. तीन वेळा मांडणी करा, चिठ्ठ्या टाकून करा, जशी केंद्रावर करता तशी. पेरणी पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबरच्या मधे, वाफसा येईल तशी. तिफण आणि बैल घरचे आहेत. तिन्ही कोळपण्या वेळेवर होतील. भाडं नको. धान्य आणि कडबा वजन करून तुम्ही आकडे न्या, माल माझ्याकडे राहू दे.

अट एकच. काढणीच्या दिवशी पैदासकार, कृषिविद्यावाले आणि यंत्रवाले, तिघांनीही यायचं आणि प्रत्येकाने प्रत्येक वाणाची एक ओळ स्वतः उपटायची. पहाटे या, ऊन चढायच्या आत होईल. जेवण माझ्याकडे. प्रत्येक वाणाची भाकरी वेगळी करून ठेवीन. पाखरांची काळजी करू नका, दाणे भरायला लागले की माझी सून गोफण घेऊन माळ्यावर असेल.

आपली,
एक ज्वारी उत्पादक शेतकरी
तालुका मंगळवेढा, जिल्हा सोलापूर